चित्रातला सरवा

मी एक जुने चित्र आहे. जुने असले तरी अजून टवटवीत आहे, बरे का मित्रांनो! दूरदेशीच्या एका चित्रकाराने काळ्या खडूने काढलेल्या चित्रावरून मला छापले. त्या काळच्या चित्रकारांना निसर्गाचे भारी वेड. म्हणून माझ्यात आभाळभर ढग आहेत, डेरेदार झाडे आहेत, आणि बायबलातली माणसे मात्र मुंगीएवढी!

चिखला गावच्या खाणीवरल्या एका साहेबाच्या भिंतीवर मी बरीच वर्षे सुखात होते. १९७४ साली त्याची बदली झाली आणि मी काही सामानात मावले नाही. जवळच्या करडी गावच्या भय्याजींनी मला घरी आणून ओसरीवर टांगले, तेही चौकट मजबूत आहे म्हणून! भय्याजींचे धान उदंड, पण हात आखडता. कापणी झाली की ते लगेच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुरे सोडत. मग सरवा, म्हणजे खाली पडलेल्या लोंब्या, वेचणाऱ्या बायांना काय उरणार?

गावातली कुंताबाई आणि तिची विधवा सून रुखमिणी सरव्यावरच जगत. यंदाही गुरे सुटली तर सुनेला माहेरी धाडायचे कुंताबाईने ठरवले होते. सून मात्र सासूला सोडायला तयार नव्हती. भय्याजींना विनवायला दोघी ओसरीवर आल्या, तेव्हा कुंताबाईची नजर माझ्यावर गेली.

"अवं रुखमिणी, पाह्य! ह्या बाया सरवाच वेचून राहिल्या!"

लसी टोचायला आलेल्या ख्रिस्ती नर्स पुष्पाबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "होय जी. ही रूथ. नवरा मेला, तरी सासूले सोडून गेली नाही. अन् झाडाखाली उभा हाये तो शेताचा धनी. त्यानं मजुराइले सांगतलं, मुठीतल्या लोंब्या जाणून पडू द्या."

भय्याजींनी चष्मा चढवला. "मुंडासं, पोट... हा तं मीच दिसून राहिलो!"

"मंग पुढं काय झालं?" त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी विचारले.

"धन्यानं रूथशी लगन केलं जी."

सुलोचनाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तेवढं सोडून बाकी सारं करा तुम्ही!"

असा हशा पिकला की माझी काचसुद्धा थरथरली. रुखमिणी तर पदर तोंडाशी धरून हसत होती.

त्या कापणीला भय्याजी मोहाच्या झाडाखाली पोट पुढे काढून उभे राहिले म्हणे, अगदी माझ्यातल्या धन्यासारखे! "पडू द्या रे, पडू द्या!" गुरे गोठ्यातच राहिली आणि रुखमिणी सासूजवळ राहिली. मला इतका आनंद साहेबाच्या बंगल्यात कधी झाला नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी रुखमिणी सरव्यातली पहिली जुडी माझ्या खिळ्याला बांधते. चिमण्या दाणे टिपतात आणि माझी काच घाण करून जातात. मित्रांनो, माझी काच हलक्या हाताने पुसा, मला ओल लागू देऊ नका, पण ती जुडी काढू नका. आणि मला पाहायचे तर जवळ या. दुरून नुसती झाडेच दिसतात, सरवा वेचणाऱ्या बाया जवळ आल्यावर दिसतात.