राजाचा दम

बोरटोल्याच्या महागू शेंडेचा दम संपला आहे, ही बातमी महागूच्या आधी गावाला कळली. वारासिवनीच्या अलीकडच्या या गावात बातम्या एरवीही याच क्रमाने पोचतात, पण या वेळी ती फोडणारा घरचाच निघाला.

थोरला मुलगा राजेंद्र बालाघाटला बँकेत. त्याने आपलं जुनं मनगटी घड्याळ बापाला दिलं. हे घड्याळ वेळ सांगे, आणि माणसाबद्दल स्वतःचं मतही देई. काही दिवस महागूच्या मनगटावर बसून त्याने मत दिलं : दम अतिशय कमी. राजेंद्रने काळजीपोटी त्या मताचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा तो दंडार मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते. ढोलकीवर नाचायचं, गायचं, लढायचं आणि त्यातूनच गोष्ट सांगायची. बोरटोल्याच्या दंडारीतला राजा म्हणजे महागू. लढाईचं गाणं गात तो तलवार परजत मांडवाला फेऱ्या घाली, तेव्हा लहान पोरं आईच्या पदरात शिरत. वय सासष्ट झालं तरी दुसऱ्या कुणाला राजा करावं असं गावाच्या मनात आलं नव्हतं. घड्याळाच्या मात्र आलं.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष मोतीलाल, राईस मिलवाले, अंगणात येऊन बसले.

"महागूभाऊ, यंदा आराम करा तुमी. राजा आपला प्रेमलाल करन."

प्रेमलाल मोतीलालचा भाचा. वय तिशीचं, दंड जाडजूड. मोटारसायकल पानठेल्याला अगदी खेटून लावायचा आणि न उतरताच हात लांब करायचा, एवढाच त्याचा व्यायाम.

"काहून? मी मेलो का?"

"मेले नाई म्हनूनच सांगून राह्यलो. मांडवात काही झालं तं मंडळाचं नाव खराब होईन."

"आन माझं काय होईन?"

"तेबी होईनच म्हना," मोतीलालने मोठ्या मनाने मान्य केलं.

रविवारी धाकटी आम्रपाली आली. ती बालाघाटला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. तिने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग बापाच्या गालाकडे.

"बाबा, तोंडात काय हाये?"

"काही नाई. खर्रा."

"घड्याळ घालून फिरता तवाबी ही तंबाखू-सुपारी असते?"

"तवाच तं असते!" महागू म्हणाला. "पायात घुंगरू बांधले का तोंडात खर्रा पाह्यजे, हे आमच्या दंडारीचं चालत आलं हाये. कोनी आपल्याले मोजून राह्यलं म्हनल्यावर तोबी एक खेळच झाला ना? घड्याळ बांधलं का मी खर्रा घोटतो."

आम्रपालीने कपाळाला हात लावला. मग हसली, मग पुन्हा हात लावला.

"अहो, त्या घड्याळाले डोये नाईत. मानूस किती जोरात चालून राह्यला आन त्याची नाडी किती पयून राह्यली, एवढंच त्याले समजते. तुमी म्हशीमागं चालता, दर फाटकापाशी थांबून पंचायती करता. चाल गोगलगायीची, आन तंबाखूनं नाडी घोड्याची. त्याले वाटलं, हा बुढा एवढ्याशा चालीतच मरून राह्यला."

"म्हंजे घड्याळ खोटं!" महागू उभाच राहिला. "आताच सांगतो मोतीलालले."

"बसा. त्यानं अंदाज बांधला, तो चुकला. म्हनून तुमी काही पैलवान नाई झाले. दम म्हंजे तिघाईची भागीदारी. फेफड्यानं हवा घ्याची, काळजानं रक्त ढकलाचं, मांड्याईनं ते वापराचं. त्यातला एकबी आळशी निंगाला का धंदा बसला. खरा दम मोजाचा तं तोंडाले मास्क लावून, मशिनीवर पयवून, श्वास मोजा लागते. ते मोठ्या शहरातलं काम. गावात पायरी हाये. ठरल्या ठेक्यावर तीन मिनिटं चढा-उतराचं आन लगेच बसून नाडी मोजाची. नाडी जितकी कमी, तितका दम जास्त."

आधी तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावून पट्टी काढली, ती नीट न्याहाळली आणि म्हणाले, "हृदयात तसं काही दिसत नाही. नाचा. पण तंबाखू बंद."

घरी येऊन महागूने दंडार मंडळाच्या ग्रुपवर आवाजी निरोप सोडला. राजाच्या पट्टीत.

"मोजा माझा दम! समाजभवनाच्या पायरीवर, साऱ्या गावासमोर मोजा. पन मंग माझ्या एकट्याचाच काहून? प्रेमलालचा मोजा. राजेंद्रचा मोजा. राजा होनाराची तपासनी हाये, तं राजा ठरवनाराचीबी होऊ द्या. मोतीलालभाऊ, तुमीबी या, चपला काढून!"

मोतीलालने उत्तराचा विचार करेपर्यंत खाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यात त्याच्या बायकोचाही अंगठा होता.

महागूने खर्रा सोडला. पहिल्या आठवड्यात तो बायकोशी भांडला, राजेंद्रशी फोनवर भांडला, आणि कुणी उरलं नाही तेव्हा म्हशीशी भांडला. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घेतलं नाही. रोज सकाळी तो तलावाच्या पाळीवर लढाईचं गाणं म्हणत चाले. आम्रपाली सुट्टीला आली की सोबत असे.

"बाबा, बोलता यावं पन गाता येऊ नये, अशी चाल पाह्यजे. गाता येऊन राह्यलं म्हंजे तुमी हळू चालून राह्यले."

"मंग जोरात चालतो."

"मंग गाता येनार नाई."

"मले दोन्ही करा लागते ना, बाई! मुका राजा कोन पाहीन?"

ती त्याच्या चालीने चालू लागली. महिनाभरात चाल वाढली आणि गाण्याची एक ओळ जास्त टिकू लागली. एकच.

मोजणीच्या दिवशी समाजभवनापुढे मंडईआधीच मंडई भरली. आम्रपालीने मोबाइलवर ठेका लावला आणि ढोलकीवाल्याला तोच धरायला सांगितला. वरून दम दिला, "काका, मधात हरकती नको."

पहिला प्रेमलाल. गाल फुगलेला, कारण खेळ म्हटल्यावर खर्रा आलाच. दुसऱ्या मिनिटाला त्याने विचारलं, "ताई, झालं का?" तिसऱ्याला त्याला काही विचारता आलं नाही. आम्रपालीने त्याची नाडी मोजली, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली.

मग राजेंद्र. अर्ध्यातच खिशाला हात लावून तो म्हणाला, "अर्जंट कॉल है," आणि पिंपळामागे गेला. फोन वाजल्याचं कुणी ऐकलं नाही.

"अध्यक्ष?" गर्दीतून कुणीतरी पुकारलं.

"माझा गुडघा," मोतीलाल म्हणाला. लोक सकाळपर्यंत त्या गुडघ्याला चांगला समजत होते.

शेवटी महागू. धोतर खोचून तो चढला-उतरला. तिसऱ्या मिनिटाला त्याचं तोंड उघडं पडलं, पण पाय ठेक्यावरून सुटला नाही. तो बसला. आम्रपालीने मनगट धरलं आणि मिनिटभर ठोके मोजले.

"वयाच्या मानानं ठीक," ती म्हणाली.

"पाहा!" मोतीलालने शब्द झेलला. "ठीक! चांगला नाई म्हनली. घरचीच पोरगी सांगून राह्यली."

"आन प्रेमलालचा?" महागूने विचारलं.

"त्याच्या वयाच्या मानानं खराब."

लोक हसले. आम्रपाली हसली नाही. "बाबा, खरं सांगू? लढाईचं पुरं गानं एका दमात नाई जमनार. मधात बसा लागन, नाडी उतरंस्तोर."

"झालं मंग!" मोतीलाल उठलाच. "लढाईत राजा कुठं बसते का?"

"राजाच बसते!" महागू ओरडला. त्याला अजून धाप होती, पण शब्द पुरे निघाले. "सारी उमर उभ्यानं गेली माझी. मोजलं तुमी, मोजू देलं मी. आता जेवढा दम हाये तेवढ्यात लढीन. लागलं तवा बसीन. ज्याले पायरीवर माझ्यापेक्षा कमी धाप लागन, त्यानं पुढं यावं आन राजा व्हावं. हाये कोनी?"

पायरी रिकामीच राहिली. प्रेमलालकडे शत्रूचं काम आलं.

मंडईच्या दुपारी मांडव गच्च भरला. महागूने दोन कडवी गात फेऱ्या घातल्या, तलवारीला तलवार भिडवली, आणि ऐन रंगात येऊन लाल शाल घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला. दोन बोटं स्वतःच्या मनगटावर. ढोलकी हळू वाजत राहिली. प्रेमलाल तलवार उगारून समोर उभा.

लोकांना वाटलं, राजा शत्रूला मोजतच नाही. पाठीमागून शिट्ट्या सुरू झाल्या.

"काका, उठा ना," प्रेमलाल ओठ न हलवता म्हणाला. "हात भरून आला."

"थांब. अजून उतरली नाई."

"कवा उतरन?"

"तिच्या मर्जीनं. तलवार वर धर, लोक पाहून राह्यले."

पहिल्या रांगेतला मोतीलाल हातानेच 'उठा, उठा' करत होता. महागूने त्याच्याकडे सावकाश पाहिलं आणि खुर्चीत आणखी रेलून बसला. मग मनगट सोडलं, उठला, आणि तिसरं कडवं दुसऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत धरलं.