कोटवाला

"आई, हॉस्पिटलात खलबत्ता कशाला?"

"गोळीला." आईनं खलबत्ता टॉवेलात गुंडाळून पिशवीत कोंबला. "यांना अख्खी गोळी गिळवत नाही, ठसका लागतो. मी पूड करून मधातून देते."

"कुठली गोळी?"

"सांधेदुखीची. तुमच्याच कारखान्यातली, ती गुलाबी."

तो मटकन खुर्चीवर बसला. गोळीनंच जठरात जखम होऊन वडिलांना रक्ताची उलटी झाली, असं काल डॉक्टर म्हणाले, तेव्हा हा पठ्ठ्या त्यांच्याशी भांडला होता. गोळीवरचा आमचा कोट जठरात सुटणं शक्यच नाही म्हणून!

गोळ्यांवर कोट चढवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कारखान्यात त्याला कोटवालाच म्हणत. समोर सापडेल त्याला तो ऐकवायचा, की कोट ज्याचा बनतो ते लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज एकच, पण त्याच्या लांबलचक साखळीला काय जोडाल तसा त्याचा स्वभाव बदलतो. एक जोड दिली की ते गार पाण्यात विरघळतं आणि तापवलं की घट्ट होतं. आम्लाचे गट जोडले की जठराच्या आंबट रसात ढिम्म हलत नाही. पुढे आतड्यात आंबटपणा सरला, की विरघळून औषध मोकळं करतं. पाहुणे कंटाळून उठून जायचे. आईला मात्र यातलं त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं. तिला काय कळणार, असं त्याला वाटायचं.

"काय रे, पांढराफटक पडलास?" आईचा हात पिशवीवरच थांबला. "माझ्या कुटण्यानं तर नाही ना झालं हे?"

डॉक्टरांना तो आजच खरं सांगणार होता. पण हिला कळलं, तर तिचं मन तिला जन्मभर खात राहील.

"छे! कुटण्याचा काय संबंध? आमचा कोटच कच्चा निघाला. आता ती गोळी बंद, दुसरं काहीतरी देतील. आणि कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय कुटायची नाही."

आईचा जीव भांड्यात पडला. मग ती भडकली.

"अरे, इतकी वर्षं तेच करतोस ना? एवढंसं काम धड जमत नाही तुम्हांला? जीव गेला असता त्यांचा!"

"चुकलं आमचं."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

हॉस्पिटलात पोचल्यावर तिनं त्याला खाटेशी उभं केलं. शेजारच्या पेशंटांदेखत, मान खाली घालून, त्यानं कच्च्या कोटाबद्दल वडिलांची माफी मागितली.