ओल्या कामटीवरचं माप

डॉक्टर भिकाजी सुर्व्यांनी ओल्या बांबूची कामटी केरूच्या पाठीवर ठेवली आणि जनीच्या काळजात चर्र झालं. निजल्या माणसाचं बांबूनं माप एकदाच घेतात. तिरडी बांधताना.

चौऱ्याऐंशी सालचा वैशाख. देवरूखकडच्या गावात आंबे उतरताना फांदी मोडली, आणि जनीचा घोव केरू कातळावर आदळला. रत्नागिरीच्या दवाखान्यात आणला तेव्हा पाय गार. फक्त उजवा अंगठा मधूनच थरथरायचा, पाण्यावर किडा हलावा तसा. जनीचा सगळा संसार त्या अंगठ्याला लटकला होता.

डॉक्टर कामटी पाठीवर दाबून निळ्या पेन्सिलीनं खुणा करत होते.

"उचला ती!" जनी ओरडली. "जिता हाय तो अजून!"

"अगो, मणक्यांना सळी बसवायची आहे. तिचं माप घेतोय."

"एवढ्या दवाखान्यात पट्टी नाय गावली?"

"पट्टी पाठीबरोबर वाकत नाही. कामटी वाकते."

उत्तर सरळ होतं. म्हणूनच तिला पटेना.

मुंबईहून धावत आलेला दीर रामजी, त्यानं व्हरांड्यात भर घातली. "वयनी, हा म्हणं सळ्या सोताच बनवतो. मुंबैत सगळं आयुष्य ह्येच केलान. आपल्यासारख्यांच्या पाठी मिळतात ना आयत्या!"

जनी तशीच आत गेली. "खरं काय वो, डाक्टर?"

"खरं." डॉक्टर स्टुलावर टेकले. "परदेशातून येतात त्या सळ्या धिप्पाड माणसांच्या मापाच्या. आपल्या माणसांच्या पाठीत मावत नाहीत, कातडी फाडून वर येतात. ते बघत बघत तरुणपण गेलं. मग माझी मीच लहान सळी घडवून घेतली. पुष्कळ जण चालतायत तिच्यावर. हर्णैच्या एका खलाशाची मात्र आत मोडली. पुन्हा उघडावं लागलं त्याला."

"बगा, कबूल करतोय!" रामजी दारातून म्हणाला.

"आनि नाय बसवली तर?" जनीनं विचारलं.

"तर तो अंगठाही थांबेल. वाट बघण्यासारखं नाही."

जनी केरूच्या उशाशी बसली. जात्यावर बसल्यासारखे तिचे ओठ आपोआप हलले:

*आंब्याच्या गं झाडाची, फांदी वाकली भारानं*
*माझ्या धन्याची गं पाठ, कोणी मापली वैऱ्यानं*

डॉक्टर ऐकत होते. कामटीकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. गावातलंच पोर ते, पण शिकता शिकता तिरडीचं माप विसरलं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर पालथे झाले.

"घे माझंही माप. त्याच कामटीवर."

"अवो डॉक्टर, उठा, लोक बघतायत!" नर्स हसू दाबत म्हणाली.

जनीनं कामटी त्यांच्या पाठीवर टेकवली. सदऱ्याखालची पाठ होडीच्या फासळ्यांसारखी हाताला लागली. तिनं पेन्सिल ओढली. आता कामटीवर दोन माणसं होती, आणि तिरडी तर एकाचीच असते. नेणाऱ्यानं कुणाला न्यायचं?

"करा," ती म्हणाली. "पन कामटी जपा. टाकलीत तर माज्याशी गाठ हाय."

दिवाळी सरल्यावर केरू काठी टेकत दाखवायला आला. घरी जनी अजूनही त्याच्या पाठीला कान लावायची, आत काही खडखडतं का म्हणून.

"ही मना देवळाची घंटा समजते," केरू म्हणाला. डॉक्टर खळखळून हसले.

भिंतीवर खिळ्याला कामटी होती, वाळून पिवळी झालेली. केरूला तपासून डॉक्टर उठले आणि हात कमरेवर गेला. तोंडातून हलकेच "आई गं" आलं.

जनीनं मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही. चमक येते हल्ली. उभं राहून राहून."

"कधीपासनं?"

"पावसाळ्यापासून असेल."

तिची नजर केरूच्या पायांवरून कामटीवर गेली, कामटीवरून डॉक्टरांच्या कमरेवर. केरूचं दुखणं हललं होतं, पण गेलं होतं कुठं?

तिनं खिळ्यावरून कामटी काढली, डॉक्टरांच्या हातात दिली. पदर आवळून खाटेवर पालथी झाली.

"अगो, हे काय?"

"घ्या माजं बी माप," जनी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "तिघांत वाटलं तर हलकं व्हईल."