गार पाण्याचा अंदाज

“अभिनंदन, बिराम. तुमचे श्रोते चौपट झाले,” असं म्हणत संचालक खुर्चीतून अर्धे उठले. पूर्ण उठावं इतकं मोठं ते यश त्यांना वाटलं नसावं.

बिराम सांबला आनंदाआधी शंका आली. सेनेगलमधल्या डाकारच्या त्या सागरी संस्थेत तो बावीस वर्षं समुद्राचे प्रवाह मोजत आला होता, आणि इतक्या वर्षांत कुणाचंच काही चौपट झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो आणि किनाऱ्याचं कोमट पाणी दूर ढकलतो. त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर माशांचं खाणं येतं, आणि त्या खाण्यामागे याबोय येतो, गरिबाच्या भातावरचा मासा. हा वारा कधी सुटेल, कुठवर राहील, पाणी कुठं गार होईल, याचा अंदाज काढणारं एक मॉडेल बिरामनं संगणकावर बांधलं होतं. दर शुक्रवारी तो अंदाज तिथल्या वोलोफ भाषेत बोलून कोळ्यांच्या फोनवर पाठवायचा. पहिली काही वर्षं तो नियमानं ऐकणारी दोनच माणसं होती. एक त्याची थोरली बहीण, आणि दुसरा निधी देणाऱ्या परदेशी कचेरीतला एक अधिकारी, ज्याला वोलोफ येत नव्हतं.

“पण यंदा मी दर आठवड्याला एकच रडगाणं गातोय,” बिराम म्हणाला. “वारा पडलाय, पाणी कोमट आहे, मासे नाहीत. यात ऐकण्यासारखं काय आहे?”

“वाईट बातमी लोकांना आवडते. निधी देणाऱ्यांना तर फारच.” संचालकांनी चष्मा पुसला. “आणि श्रोत्यांची एक मागणी आहे. अंदाज जरा उत्तरेकडं वाढवा म्हणतात. मॉरितानियाच्याही पुढं.”

“तिथं आपलं कोण मासे धरतं?”

“महत्त्वाकांक्षा वाढली असेल. द्या वाढवून.”

बिरामनं वाढवून दिला. आपलं ऐकायला कुणी नसण्याची सवय झालेल्या माणसाला कुणी ‘अजून सांगा’ म्हटलं, की तो ‘कशाला?’ विचारायचं विसरतो.

त्या रविवारी तो योफच्या कोळीवाड्यात बहिणीकडं जेवायला गेला. देगेनचा धंदा मासे चिरून, खारवून वाळवण्याचा. अंगणात तिची वाळवणाची मचाणं ओळीनं उभी होती आणि त्यातल्या एकावर बकरी झोपली होती. परातीत भात, वर कांद्याचा रस्सा आणि मधोमध उकडलेली अंडी.

“मासा नाही?” बिरामच्या तोंडून निघून गेलं.

“तूच सांगतोस ना दर शुक्रवारी, नाही म्हणून?” देगेन म्हणाली. “मी आज्ञाधारक आहे. खा.”

जेवण झाल्यावर तिचा मुलगा माम्बाय निखाऱ्यावर चहा करायला बसला. तिशीतला, स्वतःच्या होडीचा तांडेल, एका मुलीचा बाप. चहाची धार एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून सोडत तो म्हणाला, “मामा, परवाचा अंदाज झकास होता.”

“झकास? अरे, वारा मेलाय. त्यात झकास काय?”

“म्हणजे… तुमचा आवाज झकास होता.”

“माझा आवाज बेडकासारखा आहे. हे तुझी आईच सगळ्यांना सांगत असते.”

माम्बाय हसला, पण त्याची बायको हसली नाही. ती उठून आत गेली. तिच्या मागोमाग बिरामची नजर गेली आणि भिंतीशी अडली. तिथं ताडपत्रीखाली पिंपं होती, पेट्रोलची, नवी. मासेमारीला जाणाऱ्या होडीला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. वारा पडला की मासे येत नाहीत, हे तो आठवड्यामागून आठवडा सांगत होता. पण वारा पडला की उत्तरेकडं जाणाऱ्या होडीसमोरची लाटही पडते. कॅनरी बेटांची, म्हणजे स्पेनची वाट सपाट होते. त्यानं समुद्राच्या मरणाची बातमी दिली, आणि लोकांनी ती निघायचा मुहूर्त म्हणून ऐकली. श्रोते चौपट झाले ते असे.

“किती जण?” त्यानं विचारलं.

“होडीत मावतील तेवढे,” माम्बाय म्हणाला.

“डोकं फिरलंय तुझं? ही होडी याबोय धरायची आहे!”

“याबोय कुठाय, मामा? तुम्हीच दाखवा. संगणकात असला तर संगणकात.”

“तिकडं गेलेल्यांतले किती पोचले, माहीत आहे?”

“तुम्ही पोचलात की. शिकायला गेलात, विमानानं. आमच्या माशांचा अभ्यास करतो म्हणालात आणि व्हिसा मिळाला. आम्ही मासे धरतो, त्याचा व्हिसा मिळत नाही.”

बिराम बहिणीकडं वळला. “ताई, तू तरी सांग त्याला.”

देगेन परात घासत होती. तिनं मान वर केली नाही. “मी त्याला नाही, तुला विचारतेय. वारा कधीपर्यंत पडलेला राहील?”

“तुला सगळं ठाऊक होतं?”

“पिंपं माझ्या अंगणात आहेत, बिराम.”

“मी पोलिसांना सांगेन.”

“सांग. मग तो दुसऱ्याच्या होडीनं जाईल, आणि त्या तांडेलाला तुझा अंदाजही ठाऊक नसेल.” तिनं परात उपडी घातली. “सांग, कधीपर्यंत?”

खोटं बोलायची एवढी सोय बिरामला आयुष्यात मिळाली नव्हती. ‘उद्याच वारा सुटणार आहे’ म्हटलं की झालं असतं. पण उद्या वारा सुटला नसता. परवाही नाही. मग त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ज्या दिवशी खरंच थांबायला हवं त्याच दिवशी ते निघाले असते. त्यानं हा हिशेब दोन्ही बाजूंनी करून पाहिला. चहा गार झाला.

“चार दिवस,” तो म्हणाला. “चार दिवस खात्रीनं सांगतो. त्यानंतर माझं मॉडेल काहीही बरळतं, त्याच्या भरवशावर होडी सोडू नये. तुम्हाला पोचायला आठ तरी लागतील. माम्बाय, ऐकतोयस ना? अर्ध्या वाटेनंतर मला काही दिसत नाही.”

“अर्धी वाट दिसतेय की,” माम्बाय म्हणाला. “इथं बसून तेवढीही दिसत नाही.” आणि त्यानं मामाला चहा नव्यानं ओतून दिला.

सोमवारी सकाळी अंगणात पिंपं नव्हती.

गुरुवारी नवा अंदाज निघाला. उत्तरेचा वारा सुटणार होता, जोराचा, सगळ्या किनाऱ्यावर, मॉरितानियाच्या पुढंही. बिरामनं मॉडेल पुन्हा चालवलं. मग आकडे बदलून चालवलं. मॉडेल, जन्मात कधी नव्हे इतकं, आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. त्यानं माम्बायच्या फोनवर निरोप पाठवला, मग दुसरा पाठवला. शुक्रवारी तो नेहमीच्या जागी बसून नेहमीच्या आवाजात बोलला, “वारा सुटलाय. गार पाणी वर येतंय. याबोय येईल.” संचालकांनी त्याच दुपारी परदेशी कळवलं की प्रकल्प यशस्वी झाला.

पुढच्या बुधवारी योफच्या किनाऱ्यावर होड्या काठोकाठ भरून लागल्या. बायका टोपल्या घेऊन कंबरभर पाण्यात शिरल्या होत्या, ओरडत होत्या, भांडत होत्या, कितीतरी महिन्यांनी गात होत्या. बिरामला पाहून एकीनं हाक मारली, “अहो दोक्तर! तुमचं यंत्र एकदाचं खरं बोललं!” दुसरीनं त्याच्या हातात एक मासा कोंबला. तो मासा चांगला गार होता.

देगेन वाळूत बसून मासे चिरत होती. तिचा सुरा भराभर चालत होता. माम्बायची बायको तिच्या शेजारी मीठ लावत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. बिराम बहिणीजवळ उकिडवा बसला.

“फोन?” त्यानं विचारलं.

देगेननं मान हलवली. नाही. चिरलेला मासा बाजूला टाकला, दुसरा घेतला.

“हा वारा,” ती म्हणाली, “किती दिवस राहील?”

वाऱ्याबरोबर वाळू उडत होती. बिरामनं तोंडावरून हात फिरवला.

“राहील, ताई. बरेच दिवस.”

“खात्रीनं?”

“खात्रीनं.”

तिनं सुरा वाळूत खोचला. चिरलेल्या माशांवर वाळू बसू लागली होती. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, चारचौघांत, पिकलेले केस उघडे टाकून, आणि तो त्या माशांवर पसरला. वारा तो उचलू पाहत होता. तिनं एका टोकावर गुडघा ठेवला आणि दुसऱ्या टोकाकडं बिरामला मानेनंच खुणावलं. हातातला मासा खाली ठेवून त्यानं ते टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.