एका हाताने उघडणारा ब्रश

डावा हात पँटच्या खिशात घालून निरीक्षकांनी ब्रश उजव्या हातात घेतला आणि अंगठ्याने त्याचं टोपण ढकलायला सुरुवात केली. टोपण हललं नाही. मग त्यांनी ब्रश काउंटरच्या कडेला रेटून पाहिला, मग पोटाशी दाबून. शेवटी टोपण उडालं ते थेट दुकानदाराच्या चहात.

"दोन हातांनी उघडतात हो हा," चमच्याने टोपण शोधत दुकानदार म्हणाला. "टोपण ओढायचं, उलटं करून मागे बसवायचं, झाला दांडा. लहान मूलही उघडेल."

"लहान मुलाला दोन हात असतात," निरीक्षक म्हणाले.

दुकानदाराने टोपण पुसलं आणि विषय पुढे नेला नाही. निरीक्षकांना तो ओळखून होता. वजनमापं खात्यातून ते निवृत्त झाले होते, पण समोर येणारी प्रत्येक वस्तू खोटी आहे असं धरूनच ते तिच्याकडे बघायला सुरुवात करत. माणसांच्या बाबतीतही फारसा फरक नसे. त्यांची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. अख्खा गाव तिला बाई म्हणायचा, म्हणून तेही बाईच म्हणू लागले होते. या दुकानात रंग बाई निवडत आणि ब्रश निरीक्षक तपासत. नवा ब्रश डिंकाने ताठ केलेला असतो. तो पाण्यात बुडवायचा, डिंक विरघळू द्यायचा आणि मनगटाला एक झटका द्यायचा. केस आपणहून एका टोकाला आले तर ब्रश खरा. दोन फाटे फुटले तर परत. अशी अख्खी पेटी ओली करून ते एक ब्रश घेत. दुकानदाराने त्यासाठी पाण्याचा एक पेला राखून ठेवला होता, आणि मनात एक शिवीही.

मागच्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा हात लुळा पडला. भेटायला येणारे म्हणत, नशीब, चित्रं काढायचा हात वाचला. निरीक्षकांनाही आधी तसंच वाटलं. मग कळलं की चित्र उजवा हात काढतो हे खरं, पण रंगाच्या नळीचं बूच काढणं, ताटली धरणं, फडकं पिळणं ही सगळी हमाली डावा हात करत असतो; त्याला कोणी चित्रकार म्हणत नाही इतकंच. ती हमाली आता निरीक्षक करत. तक्रार नव्हती. चांगलं चाललं होतं.

या रविवारी बाई महिनाभरासाठी लेकीकडे जाणार होत्या, कारण घराला रंग द्यायचा होता. असं निरीक्षकांनी सांगितलं होतं. खरं कारण त्यांच्या पोटात होतं. तिथे एक गाठ निघाली होती आणि ती कसली आहे हे कापल्यावरच कळेल, असं सर्जन कलिंगड विकणाऱ्याच्या सुरात म्हणाले होते. मंगळवारी ऑपरेशन होतं. लेकीला माहीत होतं. बाईंना मात्र कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्या मनावर ताण आला तर दुसरा झटका येऊ शकतो, अशी भीती त्यांच्या डॉक्टरांनीच घातली होती. आणि गाठ वाईट निघाली, तर पुढे बाईंना एका हाताने सगळं... हे वाक्य निरीक्षकांनी मनातही पुरं केलं नव्हतं. त्याऐवजी ते ब्रश घ्यायला आले होते; बॅगेत केस मोडू नयेत म्हणून मिटणारा, आणि एका हाताने उघडणारा.

आटे फिरवून उघडणारा ब्रश त्यांनी दातात धरून पाहिला आणि खाली ठेवला. दांड्यात पाणी भरायचा ब्रश दुकानदाराने स्वतःच पुढे केला. त्याला बाई सलाईन म्हणतात, असं सांगून निरीक्षकांनी तोही परतवला.

"एक आहे," दुकानदार खालचा खण ओढत म्हणाला. "खटका पुढे सरकवला की केस बाहेर, मागे घेतला की आत. पण तो तुम्हाला नाही देणार मी. केसांत दम नाही."

निरीक्षकांनी खिशातला हात न काढता तो घेतला. अंगठ्याने खटका सरकला. केस बाहेर. केस आत. त्यांनी हे इतक्या वेळा केलं की दुकानदार बिल फाडायला लागला. मग त्यांनी पेला ओढला, ब्रश बुडवला, झटकला. टोक दुभंगलं. खणात होते तेवढे सगळे बाहेर आले आणि सगळे दुभंगले. ज्याचा फाटा त्यातल्या त्यात लहान होता, तो निरीक्षकांनी बाजूला ठेवला.

"बांधून द्या."

दुकानदाराच्या धंद्यात गिऱ्हाईक परतवायची वेळ क्वचितच येत असे. "बाई मला बोलतील," तो म्हणाला.

"बाईंचं मी बघतो."

घरी बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. टेबलावर कागद, पाण्याचा वाडगा, रंगांची पेटी. कॉटवर अर्धी भरलेली बॅग. डावा हात कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा मांडीवर होता. त्यांनी ब्रश घेतला, खटका पाहिला, सरकवला. पहिल्याच खेपेला केस बाहेर आले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. पोरांनी काढलेल्या सूर्यास्तांना त्या ज्या आवाजात छान म्हणत, तोच आवाज होता.

मग त्यांनी ब्रश ओला करून निळ्यात टेकवला आणि कागदाच्या कडेला एक रेघ ओढली. दोन रेघा उमटल्या, रुळांसारख्या शेजारी शेजारी.

"टोक फाटतंय."

"जरासं."

"पाण्यात घालून बघितला नाहीत दुकानात?"

"बघितला की."

"मग दिसलं नाही?"

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वजन खोटं सापडलं की दुकानदार नेमकं हेच करत, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं. चष्मा त्यांनी तसाच परत लावला.

"दिसलं."

बाईंनी ब्रश बंद केला. उघडला. पुन्हा बंद केला. मग भिंतींना कुठला रंग ठरलाय, असं सहज विचारावं तसं विचारलं. पांढरा, असं निरीक्षक म्हणाले. कुठला पांढरा, असं बाईंनी विचारलं. निरीक्षकांना पांढऱ्यातला एकच प्रकार माहीत होता.

"अहो, बाथरूमच्या दाराचा रंग ठरवताना मला शाळेतून बोलावून घेतलं होतंत तुम्ही," बाई म्हणाल्या. "आता अख्खं घर रंगवायला काढलंत आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत."

"म्हटलं, तुला त्रास कशाला."

"हं. त्रास नकोच."

त्यांनी ब्रश पुन्हा उघडला आणि कागदावर निळ्या पाण्याचा हात फिरवायला सुरुवात केली. कागद भिजला, त्याचा कोपरा वर उचलला गेला, आणि पुढच्या फटकाऱ्याला सगळा कागदच टेबलावरून सरकला. निरीक्षकांचा तळवा आपोआप कोपऱ्यावर जाऊन बसला.

"हा एका हाताने उघडतो म्हणून आणलात," बाई म्हणाल्या. "फाटकं टोक डोळ्यांनी बघून आणलात. लेक दिवसभर ऑफिसात असते. तिकडे कागद कोण धरणार, ते विचारलंत का दुकानात?"

निरीक्षक आपल्या हाताकडे बघत राहिले. बूच, ताटली, फडकं, सगळ्याचा त्यांनी विचार केला होता. बूच सैल करून ठेवलं होतं, ताटली चिकटपट्टीने बसवायची ठरवली होती. कागद त्यांच्या लक्षातच आला नव्हता.

"कधी आहे?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"जे असेल ते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला शिकवत होतं. ते संपेपर्यंत निरीक्षक थांबले.

"मंगळवारी," ते म्हणाले. "पोटाचं आहे. गाठ."

ब्रश कागदावर होता तिथेच थांबला. टोकाखाली निळ्याचं तळं साचत गेलं, फुगलं, आणि निरीक्षकांच्या बोटांच्या दिशेने सावकाश पसरायला लागलं. बाईंनी मान वर केली नाही. आता सगळं सांगावं लागणार, आणि उभ्याने सांगता येणार नाही, असं वाटून निरीक्षक खुर्ची ओढायला वळले.

"हात काढू नका," बाई म्हणाल्या. "अजून ओलं आहे."