पालथे शिंपले

बाबांचं आयुष्यभराचं म्हणणं एकच: खाणीतल्या त्या थराच्या जागी कधीकाळी संथ समुद्र होता. त्यांचे एक मित्र म्हणायचे, छे, तिथे वादळी लाटा आदळत होत्या. म्हणून घरात त्या मित्रांचं नावच वादळकाका पडलं. निवाडा दगडातल्या शिंपल्यांनी करायचा होता. संथ पाण्यात सुटे शिंपले वाटीसारखे उताणे राहू शकतात. लाटांनी लोळवले की बहुतेक पालथे पडतात.

बाबांची नजर गेल्यापासून दगड आणायचं काम लेकीकडे आलं. नियम तिला पाठ होता. छिन्नी लावायच्या आधी दगडावर वरच्या दिशेचा बाण काढायचा; एकदा दगड सुटला की वर कुठलं नि खाली कुठलं, देवालाच ठाऊक. पण त्या दिवशी घाई नडली. दगड निखळला, उतारावरून गडगडत गेला, आणि मग तिला बाण आठवला. पुन्हा वर चढून दुसरा फोडायचं तिच्या जिवावर आलं. घरी येऊन तिने बाण काढला, तोही असा की सगळे शिंपले उताणे व्हावेत.

बाण वर करून पुढ्यात ठेवलेल्या दगडाच्या कडेला उघड्या पडलेल्या शिंपल्यांवरून बाबांनी बोटं फिरवली आणि ते खुदकन हसले. लगेच काकांना फोन. "ये, तुझं वादळ शमलं." काका येईपर्यंत बाबा जेवताना गुणगुणत होते. ती रोज सांगायचं ठरवायची, रोज कच खायची.

काकांनी कॉलेजच्या कार्यशाळेत दोघांसमोर दगड कापला. मधोमध एक मिटलेला शिंपला निघाला, दोन्ही झाकणं शाबूत. आत अर्धा भाग गाळ, अर्ध्यात पांढरे स्फटिक. गाळ तळाशी बसतो, वर उरलेल्या पोकळीत मागाहून स्फटिक धरतात. इथे बाणाचं टोक होतं त्याच, म्हणजे वरच्या बाजूला गाळ होता.

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं. "तू नको सांगूस रे, तू लबाड. ती सांगेल."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बाबांचं बोट धरून त्या खरखरीत स्फटिकांवर ठेवलं. "बाबा, स्फटिक खालच्या बाजूला आहेत."

ते थोडा वेळ चाचपत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी दगड उलटा केला.

"घे. सगळे पालथे," ते मित्राला म्हणाले. "तुझंच खरं."

"एका दगडाने काय होतंय," काका पुटपुटले.

बाबा तिच्याकडे वळले. "बाण खाणीत काढला होतास?"

"नाही. घरी आल्यावर."

"मला बरं वाटावं म्हणून?"

तिने मान हलवली. मग त्यांना ते दिसत नाही हे आठवलं, आणि तिला तोंडाने "हो" म्हणावं लागलं.