बेबीचं तोंडभर हसू

बियाण्याच्या कांद्याला पांढरे गोंडे धरले, त्यांच्यावर मधमाश्या घुमू लागल्या, की मला बेबीचं हसू ऐकू येतं. ती माझ्या धाकट्या दिराची मुलगी, बावीस वर्षांची. हसायची तेव्हा दाढांपर्यंत तोंड उघडायचं, आणि फाल्गुनातल्या सकाळच्या उन्हासारखं ते हसू वावरभर सांडायचं. पाचापुढची मोजणी तिला जमत नाही, आज सांगितलेलं उद्या विसरते. पण तण आणि रोप यांत तिचा हात कधी चुकला नाही.

निंदणाऱ्या बायांची रीत अशी, की दुपारच्या भाकरीनंतर तंबाखूची चंची फिरते, आणि ती जिच्यापुढे थांबते ती टोळीतली. बेबीपुढे ती थांबत नसे. आमच्या तळव्यांकडे बघत ती बांधावर एकटी बसे. मला ते पाहवेना. एके दिवशी मीच चिमूट मळून तिच्या हातावर ठेवली. "घे वं, आता तू आमच्यातली." दया म्हणून केलं. मूर्खपणा होता.

तिला एवढंच उमगलं, की देतो तो आपला. मग धाड गावच्या बाजारात ज्यानं सुपारी-तंबाखूचा खर्रा पुढे केला, तोही आपला झाला. नाही म्हणायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

रोजच्या खर्र्यानं जबडा आखडला, आता तिच्या तोंडात दोन बोटं शिरत नाहीत. भाकर वरणात कुस्करून भरवावी लागते. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हिला नुसतं बजावू नका, नाही म्हणायचा रोज सराव करून घ्या. म्हणून रोज सकाळी मी पुडी दिल्यासारखी तिच्यापुढे मूठ धरते आणि तिनं म्हणायचं, "मले नको."

पहिल्या दिवशी ती रडवेली झाली. "मोठेमाय, मी तुमच्यातली नाही का आता?"

"हायेस. मीबी सोडली. हे पाह्य, चंची रिकामी."

"मंग माह्यासंगं बांधावर कोन बसन?"

"मी बसीन ना."

परवा बाजारात एकानं पुडी पुढे केली. "काऊन वं बेबी, रुसली का?" घट्ट जबड्यातून ती म्हणाली, "मले नको." आणि लगेच मागे वळून पाहिलं, मी आहे की नाही.

मी होते. किती दिवस असेन, ठाऊक नाही.

यंदाही गोंडे पांढरे झालेत आणि बेबी ओठ मिटून हसते. गेलेलं सगळं काळानं नेलं असं म्हणायची माणसाला सोय असते. हे हसू मी नेलं, आणि माझ्या आठवणीत ते अजून दाढांपर्यंत उघडं आहे.